न बसणारी चाकं

वन्सं, परवा तुमचं तेरावं झालं आणि काल सकाळी चिंचवडहून एक टॅक्सीवाला गाडी बघायला आला. त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. माणूस गेलं की त्याच्या वस्तूंची बातमी आपोआप पसरत असावी. मी पडवीत बसले होते. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, पुढच्या चाकाजवळ उकिडवा बसला आणि रिमवर हात फिरवत म्हणाला, "बाई, गाडी जुनी आहे, पण चाकं तिचीच आहेत. असं आता बघायला मिळत नाही. लोक कसलीही आणून बसवतात."

गाडी विकायची की नाही ते अजून ठरलं नाही, एवढंच त्याला सांगितलं. तो गेल्यावर बराच वेळ मी त्या चाकांकडे बघत राहिले. त्या चाकांवरून मी तुमच्याशी किती वर्षं भांडले. तोंडाने कमी आणि मनातून जास्त. आणि त्या भांडणातली खरी गोष्ट मला परवा, तुमच्या तेराव्याच्या दिवशी कळली. तुम्ही असताना कळली असती तर काय झालं असतं, याचा विचार करत दोन रात्री गेल्या. आता ज्यांच्याशी बोलायचं त्याच नाहीत, म्हणून हे लिहायला बसलेय.

तुमच्या भावाच्या मागे तुमच्या वाट्याला दोन गोष्टी आल्या, एक मी आणि दुसरी ही गाडी. पुण्याच्या घरात त्या दिवसांत माझं काय करायचं याची चर्चा चालली होती, ती मी आतल्या खोलीतून ऐकत होते. गाडी मात्र सगळ्यांना हवी होती. तुम्ही दवाखाना बंद ठेवून तळेगावहून आला होतात. कोपऱ्यात बसून सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "सुधा माझ्याबरोबर येते. आणि मधूने मला गाडी चालवायला शिकवलं होतं, तेव्हा गाडीही मीच नेते." दुसऱ्या दिवशी मला शेजारी बसवून तुम्ही निघालात. चपला काढून पायांशी ठेवल्या होत्या. मी विचारलं तर म्हणालात, "पायाला कळलं पाहिजे गाडी काय म्हणतेय ते." तळेगावला उतरताना तुम्ही म्हणालात, "कुंकवाचं तुझं तू बघ. पातळं मात्र रंगीतच नेसायची. माझ्या दवाखान्यात बायका आनंदाच्या बातम्या घेऊन येतात, त्यांना दारात पांढरं दिसायला नको." तुम्ही स्वतः आयुष्यभर पांढरं नेसलात. ते मी तेव्हा म्हणाले नाही.

पुढे तुम्ही मला शिवणाचं मशीन घेऊन दिलंत, गावातल्या पोरींना शिवण शिकवायला लावलंत. पण आभार मानायला मी हे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडलंही नसतं.

तो उन्हाळ्याचा शेवट होता. चाकणच्या रस्त्यावरून परत येताना गाडी डुगडुगायला लागली. तुम्ही बाजूला घेऊन बघितलंत तर पुढच्या चाकाला, बोल्टांच्या दोन भोकांच्या मधे, केसासारखी भेग गेलेली. हळूहळू घरी आणलीत. अंगणात चारही चाकं काढून, राखेने घासून, उन्हात धरून तपासलीत. दुसऱ्या एका चाकालाही तशीच भेग निघाली. जास्तीचं चाक आधीच वापरात होतं. "दोन चाकं पाहिजेत," तुम्ही म्हणालात आणि गाडी विटांवर चढवून ठेवलीत. विलायतेतून आलेल्या वीस वर्षांपूर्वीच्या गाडीची चाकं आता कोण देणार होतं? पुण्यात विचारलं, मुंबईला ओळखीच्यांना विचारलं. ती गाडी आता तिकडेही बनत नाही, असं कळलं.

मग पिंपरीचं कुणीतरी सांगितलं. तिथल्या निर्वासितांच्या कॅम्पात आसनदास म्हणून एक जण लष्कराच्या लिलावातला जुना माल विकतो, त्याच्याकडे चाकांचा ढीग आहे म्हणे. तुम्ही म्हणालात, "जायचं तर माप घेऊन गेलं पाहिजे. गाडी काही आगगाडीत घालून नेता येत नाही."

मी म्हणाले, "पोलकं शिवायला मी काय बाईला कापडावर झोपवते? कागदावर बेतून घ्यायचं."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि हसलात. असं तुम्ही क्वचित हसायचात. मग आपण दोघींनी मिळून ते केलं. चाक काढल्यावर आत जो गोल उंचवटा राहतो, त्यावर मी खाकी कागद ताणून धरला आणि अंगठ्याने दाबत गेले. पाच बोल्ट कागदातून वर आले. मधल्या उंचवट्याची कड मी पेन्सिलीने उमटवून घेतली. तेवढ्याने तुमचं समाधान होईना. तुम्ही दवाखान्यातून तो वाकड्या पायांचा मोठा कंपास आणलात, गरोदर बायकांच्या ओटीपोटाची हाडं मोजायचा, आणि त्याने बोल्टांमधली अंतरं मोजायला बसलात. तेवढ्यात शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या. त्यांनी ते हत्यार ओळखलं असावं, कारण काही न बोलता परत फिरल्या. आपण दोघी किती वेळ हसत होतो, आठवतं? तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. हे सगळं लिहिताना मला तो दिवसच पुन्हा पुन्हा आठवतोय, पुढचं आठवायला नको म्हणून.

आसनदास आपला कागद बघून चकित झाला. "बाई," तो म्हणाला, "कराचीला माझं मोठं दुकान होतं. असा कागद घेऊन आलेलं गिऱ्हाईक तिथंसुद्धा बघितलं नाही." मग तो स्वतः ढिगावर चढला, एकेक चाक ओढून कागदावर ठेवून बघायला लागला. उन्हाने कपाळ लाल झालं त्याचं. शेवटी लष्करी गाडीची दोन चाकं निघाली. पाचही भोकं कागदावरच्या खुणांवर बरोबर आली. टायरही त्याच मापाचं चढणार होतं. मी मनात म्हटलं, सुटलो. आसनदासला मुंबईच्या बाजूला जाणारी एक लॉरी मिळाली, त्यातून तो स्वतः चाकं घेऊन तळेगावला आला. म्हणाला, बसवून बघा, मगच घ्या.

तुम्ही पदर खोचून एक चाक चढवलंत. नट आवळले. मग चाक दोन्ही हातांनी धरून हलवून बघितलंत. मग खाली वाकून मधे डोकावलंत. मग मला म्हणालात, "आत बस आणि स्टेअरिंग पुरतं डावीकडे फिरव." मी फिरवलं. आतून टायर कशाला तरी घासल्याचा आवाज आला. उजवीकडे फिरवलं, पुन्हा तेच.

"थोडं घासेल, मग जागा करून घेईल," आसनदास म्हणाला. "मधे एक-एक वॉशर घाला. ही चाकं लढाई बघून आली आहेत, डॉक्टरबाई. तुमच्या खेड्यातले दगड त्यांना काय करणार?"

"चाकं चांगली आहेत," तुम्ही म्हणालात. "पण या गाडीची नाहीत. मधलं भोक मोठं आहे, चाक उंचवट्यावर टेकतच नाही. सगळा भार पाच बोल्टांवर. नटाचं तोंड निमुळतं आणि याचं भोक सपाट, म्हणजे तो धरणार नाही, सुटत जाणार. आणि चाक आत सरकून बसतंय."

"पण बसतंय की," मी म्हणाले.

"भोकात जाणं वेगळं आणि बसणं वेगळं, सुधा."

आसनदासने वाद घातला नाही. "राहू द्या दोन-चार दिवस इथंच," तो म्हणाला. "मन बदललं तर बदललं." चहा घेऊन तो गेला. चाकं अंगणात भिंतीला टेकून राहिली. जाता-येता ती माझ्या डोळ्यांत भरायची. तुम्ही त्या दिवसांत सायकलवरून, टांग्यातून, कधी पायी जाऊन बायकांना बघत होतात. पन्नाशी जवळ आलेली तुमची. रात्री पाय शेकत बसायचात आणि मी मनात म्हणायची, दारात चाकं आहेत आणि या हट्टी बाईला चालत जायचंय.

किसन आला तेव्हा ती चाकं तिथेच होती.

जेवणाची वेळ झाली होती. महाळुंग्याच्या अलीकडच्या वाडीवरचा तो पोरगेला शेतकरी. सायकल अंगणात टाकून धापा टाकत उभा राहिला. त्याची बायको पहाटे बाळंत झाली होती, पहिलटकरीण. मूल झालं, पण रक्त थांबत नव्हतं. तुम्ही हातातला घास तसाच ठेवून उठलात, पेटी घेतलीत. मी म्हणाले, "वन्सं, ती चाकं लावा. दोघं मिळून किती वेळ लागणार? तासाभरात पोचाल."

तुम्ही अंगणात थांबलात. चाकांकडे बघितलंत. मग किसनकडे बघितलंत. त्याला शेजारी बसवून न्यायचं होतं, इंदोरीच्या पुढचा तो उताराचा, दगडगोट्यांचा रस्ता. तुम्ही किती वेळ उभ्या होतात मला सांगता येणार नाही. मला तो फार मोठा वाटला. मग म्हणालात, "टांगा बोलव."

तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी परत आलात. बैलगाडीतून. चेहऱ्यावरूनच मला कळलं. मूल तेवढं जगलं होतं, मुलगी होती. आल्या आल्या तुम्ही मोरीत जाऊन हात धुवायला लागलात आणि धूतच राहिलात. मला गप्प बसवलं नाही. मी म्हणाले, "घासत घासत का होईना, गाडी पोचली असती. ती वाचली असती."

तुम्ही मागे वळलाही नाहीत. "हो," म्हणालात. "गाडी असती तर वेळेवर पोचले असते."

बस, एवढंच. मला वाटलं होतं तुम्ही भांडाल. चाक निखळलं असतं, किसनसुद्धा खड्ड्यात गेला असता, असं काही म्हणाल. तुम्ही तसं म्हणाला असतात तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण तुम्ही कबूल करून मोकळ्या झालात, आणि त्याचाच मला जास्त राग आला. गावातही तुम्ही तेच सांगितलंत. कुणी विचारलं की म्हणायचात, "माझी गाडी उभी होती, मला उशीर झाला." मग बाजारात लोक बोलायला लागले, डॉक्टरीणबाईंनी चाकाच्या हट्टापायी बाई घालवली. भाजीवाली माझ्यासमोर बोलली. मी तिच्याशी भांडून आले आणि घरी येऊन तुमच्याशी अबोला धरला. दोन्ही एकाच दिवशी. माणूस असा कसा वागतो, मला अजून कळत नाही.

आसनदास चाकं न्यायला आला तेव्हा तुम्ही त्याला घडलेलं सांगितलं नाहीत. त्याला वाटलं असतं, आपल्या मालामुळे. चहा पाजलात आणि चाकं त्याच्या गाड्यावर चढवायला हात लावलात.

पंधरा-वीस दिवसांनी किसन पुन्हा अंगणात उभा राहिला. मी दारातच थबकले. वाटलं, हा आता बोलणार. त्याने पायातल्या वहाणा काढल्या, आला आणि पायरीवर बसला.

"बाई, माज्या मामाची चाकनला कांद्याची वखार हाय," तो म्हणाला. "तिच्या मागल्या छपरात एक मोटार पडून हाय. लढाईच्या टायमाला रस्त्याच्या ठेकेदारानं ठिवली, त्यो परत आलाच न्हाई. मी काल बगितली. तुमच्या गाडीवानीच दिसती."

मग म्हणाला, "दुसऱ्या कुनाच्या येळंला तुमची गाडी उभी नगं."

मी आत निघून गेले. या माणसाला राग कसा येत नाही, हे मला समजेना. मला वाटलं, गरीब आहे, भोळा आहे.

आपण तिघं चाकणला गेलो. वखारीत कांद्याचा वास इतका, की डोळे उघडे ठेवता येत नव्हते. मागच्या छपरात ती गाडी, अगदी आपल्या गाडीची बहीण. टप फाटलेला, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. तुम्ही कागद काढलात, तो कंपास काढलात आणि चिखलात मांडी घालून बसलात. किसनचा मामा हत्याराकडे बघत होता. "बाई, हे बायकांचं हत्यार न्हाई का?" त्याने विचारलं.

"बायकांचंच आहे," तुम्ही म्हणालात. "पण चाक लाजत नाही."

मामा हसला, किसनसुद्धा जरा हसला. तुम्ही हसला नाहीत. एकेक चाक उतरवलंत, पुसलंत, उजेडात धरलंत. एकाला भेग होती, ते बाजूला केलंत. तीन चांगली निघाली. किसनने ती बैलगाडीतून तळेगावला पोचवली. अंगणात तुम्ही ती चढवलीत तेव्हा मी मुद्दाम दारात उभी होते. चाक उंचवट्यावर असं गेलं, जसं जुन्या डब्यावर त्याचंच झाकण बसावं. हलवायची गरजच नव्हती. तरी तुम्ही हलवून बघितलंत. मला म्हणालात, "सुधा, आत बसून फिरवतेस का?" मी बसले, दोन्हीकडे पुरतं फिरवलं. कशाचाच आवाज आला नाही. खरं सांगू? त्या शांततेनेसुद्धा मला रागच आला. ही चाकं एवढी जवळ होती आणि आपल्याला तेव्हा माहीत नव्हती.

त्यानंतरच्या वर्षांत त्या चाकांवर तुम्ही किती फिरलात. चिखली, रावेत, खेडच्या बाजूच्या वाड्या, पिंपरीला नवीन कारखान्याची बांधकामं सुरू झाली तिथल्या मजूर बायकांच्या झोपड्या. पावसात चिखल चाकांत अडकला की मी सुया-दोऱ्याच्या पेटीतली हाडाची पट्टी घेऊन तो खरवडायला बसायची. किती पोरं त्या गाडीमुळे वेळेवर या जगात आली असतील. आणि तरी, गाडी सुरू होऊन फाटकाबाहेर पडली की माझ्या मनात दर वेळी एकच बाई यायची, जिच्यापर्यंत ती गेली नव्हती. कधीतरी माझ्या बोलण्यात ते यायचं. वाकडं, आडून. तुम्ही ऐकून घ्यायचात. एकदाच म्हणालात, "तुला अजून वाटतं ना तसं? वाटू दे." मला तो उद्धटपणा वाटला होता.

किसनकडे मात्र तुम्ही जात राहिलात. कारण असो-नसो, त्या बाजूला गेलात की त्याच्या घरी थांबायचात. त्याच्या आईने ती पोर शेळीच्या दुधावर वाढवली. तुम्ही यायचात तेव्हा म्हातारी पोरीला न्हाऊमाखू घालून पुढे करायची, परीक्षेला बसवावं तशी. तुम्ही तिचं वजन, दात, जीभ बघायचात आणि म्हणायचात, "आजी, अशी नात मी सगळ्या मावळात बघितली नाही." एवढी स्तुती तुम्ही माझ्या शिवणाची कधी केली नव्हती.

आणि मग या हिवाळ्यात तुमच्या छातीत पाणी झालं. पुण्याचे डॉक्टर आले, सुई लावून पाणी काढलं, ते पुन्हा भरलं. तुम्हाला सगळं कळत होतं, म्हणून कुणी तुमच्याशी खोटं बोललं नाही. तापात मधेच तुम्ही विचारायचात, "किसनची पोर चालायला लागली का?" ती तर आता फाटकावर चढून उड्या मारते, मी सांगायची. तुम्हाला बरं वाटायचं, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारायचात. शेवटच्या दिवशी तुम्ही मला ओळखलंत की नाही, माहीत नाही. माझा हात धरून म्हणालात, "आवाज येतोय का बघ." कसला, ते सांगितलं नाहीत. मी म्हणाले, "नाही येत." तुम्ही मान हलवलीत. संध्याकाळी गेलात.

तेराव्याला किसन आला, बैलगाडी जोडून, म्हातारीला आणि पोरीला घेऊन. पंगती उठल्यावर सगळे पांगले. तो अंगणात गाडीपाशी एकटाच उभा होता. मी पान घेऊन गेले. इतक्या वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं ते तोंडातून गेलं.

"किसन, त्या दिवशी वन्सं ती दुसरी चाकं लावून आल्या असत्या, तर तुझी बायको वाचली असती ना?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "वैनी, त्यांनी तुमाला कदी सांगितलं न्हाई?"

"काय?"

त्याने पान हातातच ठेवलं. मग सावकाश बोलला. "सकाळपास्नं रगत जात व्हतं. मी म्हनत व्हतो तळेगावला जातो. आय म्हनली, पयल्या खेपंला जातंच, थांबंल, मी काय कमी बाळंतपनं केली का. लई उशिरा मी सायकल घेतली. मी गेल्यावर ती निपचित पडली. आयला वाटलं, दमून झोपली. तिनं अंगावर वाकाळ घातली आन् पोरीला घिऊन भाईर बसली, आवाज नगं म्हनून. आमी टांग्यातनं पोचलो तवा बाई आत गेल्या, मीबी गेलो. पाय हातात घेतलं तर लाकडावानी. बाई भाईर आल्या आन् आयला म्हनल्या, आत्ताच गेली, मला उशीर झाला, माजी गाडी उभी व्हती."

त्याने घराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"मी त्यास्नी गोठ्याकडं न्हेलं. म्हनलं, खरं सांगा, कवा गेली. त्या म्हनल्या, तू तळेगावला पोचायच्या आदी. कसल्याबी चाकावर आले असते तरी उपेग नव्हता." त्याने गाडीच्या चाकावर हात ठेवला. "मग म्हनल्या, किसन, ही पोर तुज्या आयनं वाढवायची हाय. आपल्या हातनं सून गेली असं तिच्या मनानं घेतलं, तर ती ह्या पोरीला हात लावायची न्हाई. तवा माज्या गाडीमुळं गेली म्हनायचं. गाडीला काय वाटतंय."

वन्सं, गाडीला काही वाटलं नसेल. तुम्हाला काय वाटत होतं? बाजारात बायका कुजबुजायच्या तेव्हा, मी जेवताना ताट सरकवून उठायची तेव्हा? मला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मी कुणाला बोलले असते का? हे मी रागाने विचारतेय, आणि उत्तर मलाच माहीत आहे. मी म्हातारीला भेटले असते आणि तिला माझ्या तोंडावर सगळं वाचता आलं असतं. माझ्या मनातलं लपत नाही, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरीसुद्धा. एकाच घरात, एकाच ताटाशी बसून तुम्ही एवढं एकटीने धरून ठेवलंत, याचं मला वाईट वाटतं आणि त्याहून जास्त राग येतो, आणि हा राग आता घेऊन कुठे जाऊ ते कळत नाही.

मी तशीच आत गेले. मागच्या पडवीत किसनची आई भिंतीला टेकून बसली होती. पोर तिच्या मांडीवर झोपलेली. म्हातारीची बोटं तिच्या केसांतून फिरत होती. तिने मला हाताने खाली बसायची खूण केली. मी बसले.

"वैनी," ती म्हणाली, "बाई तर आता गेल्या. आता तुमी खरं सांगा. त्या दिशी गाडी असती, तर माजी सून वाचली असती का?"

मी पोरीकडे बघत होते. मग म्हातारीकडे बघितलं, नीट डोळ्यांत.

"वाचली असती, आजी," मी म्हणाले. "आमच्या गाडीला चाकं नव्हती."

म्हातारीने मान हलवली आणि पोरीच्या उघड्या पायांवर आपला पदर ओढून घेतला.

"व्हय," ती म्हणाली. "बाईबी तसंच म्हनायच्या."